आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी

घरातला संगणक नवी कार्यप्रणाली घेईनासा झाला, म्हणजे गृहस्थाच्या तोंडून पहिले वाक्य निघते ते "विंडोज बिघडली" हे, आणि दुकानदाराच्या तोंडून दुसरे निघते ते "फॉरमॅट मारून देतो" हे. या दोन वाक्यांच्या मध्ये जो विचार व्हावयास हवा तो बहुधा होत नाही. त्या न झालेल्या विचाराची किंमत पुष्कळदा घरातील वीस-वीस वर्षांच्या छायाचित्रांनी आणि कागदपत्रांनी मोजावी लागते. आजच्या लेखात या मधल्या विचारासंबंधी चार शब्द लिहिण्याचे आम्ही योजिले आहे.

विषयाला निमित्तही आहे. २०१५ साली आलेल्या विंडोज १० ची सर्वसाधारण देखभाल मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबविली. तिच्या जागी विंडोज ११ घ्यावी, तर ती घरात पाऊल टाकण्यापूर्वी काही अटी घालते. किमान ४ जीबी स्मृती, ६४ जीबी साठवण, नव्या पद्धतीची आरंभव्यवस्था, टीपीएम २.० नावाची सुरक्षा-सोय आणि साधारणतः २०१७ नंतरच्या पिढीतील प्रोसेसर, एवढे तिला लागते. त्यामुळे वर्षानुवर्षे ज्यांनी संगणकाच्या पोटात काय आहे याचा विचारही केला नव्हता, अशा अनेक घरांवर कार्यप्रणाली नव्याने बसविण्याचा प्रसंग आला आहे.

शहरातील वाचकाला हा प्रसंग फार तर एका संध्याकाळचा. परंतु आमच्या वाचकांपैकी कित्येकांची घरे अणशीसारख्या गावांतून आहेत. जोयडा तालुक्यातील हे गाव काळी व्याघ्र प्रकल्पाच्या अरण्यात वसलेले. एका दिशेस अणशीचा घाट उतरून कारवार, दुसऱ्या दिशेस जोयडा ओलांडून दांडेली. पावसाळ्यात तारेवर झाड पडले की वीज जाते, दरड आली की घाट अडतो, आणि मोबाइलचे जाळे कधी अंगणात सापडते तर कधी माळ्यावर. ज्या काळी नदीच्या पाण्यावर सुपा, नागझरी, कोडसळ्ळी आणि कद्रा येथे वीज निर्माण होते, तिच्याच खोऱ्यातील घरात विजेचा भरवसा धरता येत नाही, हा दैवयोग तेथील रहिवाशांस नवा नाही. अशा ठिकाणी संगणक उचलून दुकानात नेणे म्हणजे कामाचा एक दिवस आणि बसचे भाडे. दोष घरीच सुटण्याजोगा निघाला, तर दोन्ही वाया. म्हणून अणशीतील घर डोळ्यांसमोर ठेवूनच पुढील विवेचन केले आहे. तेथे जे साधेल ते बेळगाव, हुबळी, इंदूर वा बडोद्याच्या घरी सहज साधावे.

मुख्य मुद्दा असा की, काम जेथे अडलेले दिसते तेथेच दोष असतो असे नाही. कार्यप्रणाली बसविणे ही एक क्रिया नसून ती पाच उंबरठ्यांची वाटचाल आहे. यंत्र जागे होते आणि बाहेरचे माध्यम, म्हणजे बहुधा पेनड्राइव्ह, शोधते, हा पहिला उंबरठा. त्या माध्यमावरील मजकूर वाचून स्मृतीत भरला जातो, हा दुसरा. ज्या डिस्कवर बसावयाचे ती डिस्क ओळखली जाते, हा तिसरा. फायली उतरून यंत्र पुन्हा सुरू होते, हा चौथा. आणि जाळ्याशी संबंध जोडून घरच्या माणसाचे नावगाव विचारले जाते, हा पाचवा. दुसऱ्या उंबरठ्यावरील दोष चौथ्यावर प्रकट होतो, पहिल्यावरील तिसऱ्यावर. आणि आपण मात्र जेथे धूर दिसतो तेथेच पाणी ओततो. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, अशी ही गत होते.

तथापि, उंबरठे ओलांडण्यापूर्वी एक गोष्ट. या साऱ्या खटाटोपात मागे घेता येत नाही अशी कृती एकच आहे, ती म्हणजे डिस्क पुसणे. बाकीचे सर्व फिरून करता येते. यास्तव आधी घरचा ऐवज बाहेर काढावा. छायाचित्रे, मुलांचे अभ्यास, जमिनीचे व बँकेचे कागद यांच्या दोन प्रती वेगवेगळ्या जागी ठेवाव्यात. डिस्क बिटलॉकरने कुलूपबंद असेल, तर तिची ४८ अंकी किल्ली वहीत उतरवून घ्यावी. आरंभव्यवस्थेत जरासा बदल झाला तरी यंत्र ती मागते, आणि ती नसेल तर आतील मजकूर धन्यालाही परका होतो.

मराठी घरांसाठी आणखी एक ठेवा आवर्जून सांगावासा वाटतो. युनिकोडचा प्रसार होण्यापूर्वी आपल्याकडे श्रीलिपी, आकृती यांसारख्या संचांवर मजकूर टंकित होत असे. वंशावळी, लग्नपत्रिका, मंडळांचे अहवाल, वडिलांची आत्मवृत्ते अशा फायली कित्येक घरांत आजही आहेत. त्या फायलींत वस्तुतः रोमन अक्षरांच्या सांकेतिक जागा साठविलेल्या असतात. त्यांना देवनागरी रूप देतो तो त्या संचाचा फॉन्ट. हा फॉन्ट ‘दस्तऐवज’ विभागात राहत नाही, विंडोजच्या स्वतःच्या फॉन्ट-विभागात राहतो. तो विभाग यंत्राचा आहे असे समजून कोणी त्याची प्रत काढीत नाही. मग डिस्क पुसली जाते, फाइल सुखरूप परत येते, आणि उघडून पाहावे तर आजोबांच्या आठवणींच्या जागी निरर्थक रोमन अक्षरांची रांग! फाइल खराब झाली असे समजून ती टाकूनही दिली जाते. खरे पाहता फाइल शाबूत असते, हरवलेला असतो तो फॉन्ट. म्हणून तोही बरोबर घ्यावा.

जुनी कार्यप्रणाली सुरूच होत नसेल तर प्रती काढाव्यात कशा? त्यासाठी लिनक्सचा पेनड्राइव्ह उपयोगी पडतो. उबंटू किंवा लिनक्स मिंट या प्रणाली डिस्कवर काहीही न बसविता थेट पेनड्राइव्हवरून चालविता येतात. यंत्र त्यावर सुरू करावे, जुनी डिस्क उघडावी आणि हवे ते बाहेरच्या डिस्कवर उतरवून घ्यावे. कुलूपबंद डिस्कला मात्र येथेही किल्ली लागतेच.

आता पहिला उंबरठा. यंत्राला पेनड्राइव्ह दिसतच नाही, अशी तक्रार सर्वाधिक आढळते. तिचे नेहमीचे कारण असे की, उतरवून घेतलेली फाइल पेनड्राइव्हवर नुसती नकलून ठेवलेली असते. ती फाइल म्हणजे बांधलेली मोट. ती सोडून विशिष्ट रीतीने लिहावी लागते. विंडोजसाठी मायक्रोसॉफ्टचाच प्रोग्राम मिळतो, आणि रूफससारखा विनामूल्य प्रोग्राम दोन्ही प्रकारच्या प्रणालींना चालतो. दुसरे कारण आरंभीच्या क्रमाचे. यंत्र सुरू होताना एफ-१२, एफ-९, एस्केप यांपैकी एखादी कळ दाबली असता कोठून सुरू व्हावे याची यादी समोर येते. कळ कोणती, हे यंत्रागणिक बदलते, आणि पडद्यावर ती क्षणभरच दिसते.

तिसरे कारण अणशीसारख्या गावी फार संभवते, ते म्हणजे अर्धवट उतरलेली फाइल. विंडोज ११ ची फाइल ५ जीबीहून मोठी असते, आणि विरळ जाळ्यावर तिचा प्रवास मध्येच तुटतो. पूर्वीही हे होतेच. विंडोज ९५ जेव्हा १३ फ्लॉप्यांवर येत असे, तेव्हा बाराव्या फ्लॉपीवरील एक ओरखडा सारे श्रम वाया घालवी. आता त्यावर उपाय मात्र सोपा झाला आहे. फाइल देणारी संस्था बहुधा तिच्यासोबत ६४ चिन्हांची एक ओळखखूण प्रसिद्ध करते, तिला एसएचए-२५६ म्हणतात. उतरलेल्या फाइलची तीच खूण आपल्या संगणकावर काढता येते. ती काढणारी आज्ञा विंडोज व लिनक्स या दोहोंत मुळातच असते. दोन्ही खुणा तंतोतंत जुळल्या तर फाइल अखंड, एका चिन्हाचा फरक पडला तरी फाइल टाकाऊ. कारवारला किंवा दांडेलीला कामासाठी जाणाऱ्या माणसाने तेथील चांगल्या जाळ्यावर फाइल उतरवावी, खूण तेथेच जुळवावी, पेनड्राइव्ह तेथेच सिद्ध करावा आणि मग घाट चढावा. घरी आल्यावर खूण चुकलेली कळणे म्हणजे दुसरा दिवस गेलाच.

दुसरा उंबरठा फसवा. सर्व सुरळीत सुरू होते, आणि मग कधी वीस टक्क्यांवर, कधी साठावर काम थांबते. प्रत्येक वेळी निराळा संदेश दिसतो. येथे एक खूणगाठ बांधून ठेवावी. थांबण्याची जागा दर खेपेस तीच असेल, तर संशय माध्यमावर अथवा फाइलवर घ्यावा. ती दर खेपेस बदलत असेल, तर संशय स्मृतीवर, म्हणजे रॅमवर, घ्यावा. रोजच्या वापरात रॅमचा एखादा सदोष कोपरा वर्षभर नजरेस येत नाही; हजारो फायली उलगडण्याचे हे काम मात्र त्या कोपऱ्यापर्यंत पोहोचते. विंडोज बिघडली असे जे वाटते ते अशा वेळी. मेमटेस्ट नावाचा विनामूल्य प्रोग्राम पेनड्राइव्हवरून रात्रभर चालू ठेवावा. एकही चूक दाखविली गेली तर त्या रॅमवर विश्वास ठेवू नये.

मात्र रॅम बदलण्याची घाई नको. घाटमाथ्यावरील दमट हवेत तिच्या सोनेरी दातांवर मळ व गंज साचतो. यंत्र बंद करावे, वायर काढावी, लॅपटॉप असेल तर त्याच्या बॅटरीची जोडणीही सोडवावी. एखाद्या धातूच्या वस्तूला हात लावून अंगातील स्थिर वीज उतरवावी, आणि मग रॅमची पट्टी काढून कोरड्या स्वच्छ कापडाने पुसून पुन्हा घट्ट बसवावी. दुकानदार यासाठी खोडरबर वापरतात, ते आपण पाहिले असेलच. पट्ट्या दोन असतील तर एकेक लावून पाहावी, म्हणजे दोषी कोणती ते आपोआप कळते. याच उंबरठ्यावर डिस्कचाही दोष उघड होतो. डिस्क स्वतःच्या प्रकृतीची नोंद ठेवते, तिला स्मार्ट असे नाव आहे. लिनक्सच्या पेनड्राइव्हवरून ती नोंद वाचता येते. तीत वाईट जागांचा आकडा वाढत असेल, तर नवी प्रणाली त्या डिस्कवर बसविणे म्हणजे वाळवी लागलेल्या वाशावर नवे कौल चढविणे होय.

तिसऱ्या उंबरठ्यावर डिस्कच दिसत नाही. माणूस घाबरतो आणि डिस्क मेली असे धरून चालतो. परंतु इंटेलच्या अकराव्या पिढीपासूनच्या अनेक लॅपटॉपांत डिस्क व्हीएमडी नावाच्या व्यवस्थेमागे असते, आणि विंडोजच्या बसवणूक-प्रोग्रामाजवळ तिचा ड्रायव्हर असतोच असे नाही. हा ड्रायव्हर लॅपटॉप बनविणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावरून घेऊन, उलगडून त्याच पेनड्राइव्हवर ठेवावा आणि ‘लोड ड्रायव्हर’ म्हणून तो दाखवावा. डिस्क हजर होते. २००१ साली आलेल्या विंडोज एक्सपीच्या काळात याच कारणासाठी एफ-६ दाबून फ्लॉपी द्यावी लागे, हे जुन्या मंडळींना आठवेल.

डिस्क दिसते पण घेत नाही, असाही प्रकार घडतो. ‘ही डिस्क जीपीटी पद्धतीची आहे’ किंवा ‘एमबीआर पद्धतीची आहे, येथे विंडोज बसत नाही’, असा संदेश येतो. येथेच सर्वांत मोठा अनर्थ होतो. समोर पुसण्याची कळ दिसते, संदेश डिस्कविषयी बोलतो, आणि माणूस डिस्क पुसून टाकतो. वास्तविक दोष पहिल्या उंबरठ्यावरचा असतो. नवी आरंभव्यवस्था, म्हणजे यूईएफआय, जीपीटीशी जुळते. जुनी बायोसची रीत एमबीआरशी जुळते. पेनड्राइव्ह ज्या रीतीने सुरू केला ती रीत डिस्कच्या पद्धतीशी जुळली नाही, एवढाच त्या संदेशाचा अर्थ. पुष्कळ यंत्रांच्या आरंभीच्या यादीत तोच पेनड्राइव्ह दोनदा दिसतो, एकदा यूईएफआय या शब्दासह आणि एकदा त्याविना. दुसरी नोंद निवडून पाहावी. विंडोज ११ ला मात्र यूईएफआयच लागते. तेव्हा डिस्क जुन्या पद्धतीची असल्यास तिचे रूपांतर करावे लागेल. तेही ऐवज बाहेर काढल्यावरच.

चौथ्या उंबरठ्यावरील तक्रार अशी की, फायली उतरल्या, यंत्र पुन्हा सुरू झाले, आणि सारे पहिल्यापासून पुन्हा चालू झाले. हे चक्र रात्रभर चालते. यात बिघाड काहीच नसतो. यंत्र पुन्हा पेनड्राइव्हवरूनच उठत असते. पुन्हा सुरू होण्याच्या क्षणी तो काढून घेतला की चक्र तुटते. लक्षात ठेवण्याजोगा दुसरा चोर म्हणजे मदरबोर्डवरील नाण्याएवढी ३ व्होल्टची बॅटरी, सीआर-२०३२. ती मेली की वीज जाताक्षणी यंत्र आपले घड्याळ आणि आपण केलेली आरंभीची मांडणी दोन्ही विसरते. मग प्रणाली बसते, पण सुरू होत नाही. किंवा सुरू होते, पण प्रत्येक संकेतस्थळ ‘प्रमाणपत्र अवैध’ असे सांगते, कारण घड्याळ कित्येक वर्षे मागे असते. वारंवार वीज जाणाऱ्या गावी जुन्या यंत्रात ही बॅटरी आधी बदलावी, मग इतर संशय घ्यावेत. काम चालू असताना वीज जाऊ नये म्हणून यूपीएस असावा, किंवा लॅपटॉपची बॅटरी भरलेली असावी, हे वेगळे सांगावयास नको.

पाचव्या उंबरठ्यावर विंडोज ११ जाळ्याशी संबंध मागते आणि त्याविना पुढे जाऊ देत नाही. अणशीत जाळे असले तरी लॅपटॉपच्या वायफायचा ड्रायव्हर अजून बसलेला नसतो, आणि तो आणण्यासाठीही जाळेच हवे! या कोंडीतून बहुधा मोबाइलच सोडवितो. तो यूएसबी वायरने जोडून त्यातील ‘यूएसबी टेदरिंग’ सुरू करावे. संगणक त्यास तारेचे जाळे समजतो. लिनक्समध्येही वायफाय चालत नसेल तर हीच युक्ती उपयोगी पडते.

विंडोज ११ जुने यंत्र नाकारते, तेव्हा तो बिघाड नव्हे. आडवाटेने ती बसविता येते, परंतु अशा यंत्रास पुढील सुधारणा मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. बँकेचे व्यवहार ज्या संगणकावर होतात त्यासाठी ही वाट आम्ही सुचविणार नाही. विंडोज १० च्या घरगुती वापरकर्त्यांसाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची वाढीव सुरक्षा-योजना जाहीर झाली होती. तो केवळ विसावा होता. त्यापुढे धडधाकट यंत्र भंगारात देण्यापेक्षा लिनक्सचा विचार अवश्य करावा. १९९१ साली हेलसिंकीच्या लिनस टोरव्हाल्ड्स या विद्यार्थ्याने आरंभिलेल्या या प्रणालीला मोल पडत नाही, आणि बसविण्यापूर्वी ती पेनड्राइव्हवरून चालवून पाहता येते. आपल्या यंत्रावर आवाज, वायफाय, छपाई चालते की नाही, हे डिस्कला हात न लावता कळते. आपल्याकडे सी-डॅकने सिद्ध केलेली बॉस ही प्रणालीही याच कुळातील.

प्रणाली बसली म्हणजे काम संपले असे समजू नये. कळफलकांच्या यादीत मराठी जोडल्यावरच ते संपते. इनस्क्रिप्ट हा कळफलक भारतीय मानक संस्थेने १९९१ च्या मानकात घेतला आहे, आणि परप्रांतीय मराठी घरांना त्याचा एक विशेष लाभ आहे. सर्व भारतीय लिपींसाठी त्याची मांडणी सारखीच आहे. ज्या कळीवर देवनागरी क उमटतो त्याच कळीवर कन्नड क उमटतो. शाळेत कन्नड आणि घरी मराठी लिहिणाऱ्या मुलाला बोटांची सवय एकदाच लावावी लागते. रोमन उच्चाराने लिहिणाऱ्यांसाठी ध्वन्यनुसारी कळफलकही विंडोजमध्ये आहे.

हे सारे करताना दोन नियम पाळावेत. एका वेळी एकच बदल करावा. तीन गोष्टी एकदम बदलून यंत्र चालू झाले तरी दोष कोणता होता ते कळत नाही, आणि तो पुढील पावसाळ्यात पुन्हा भेटीस येतो. दुसरा नियम असा की, पडद्यावरील संदेश शब्दशः वहीत उतरावा किंवा मोबाइलने त्याचे छायाचित्र घ्यावे. कोणत्या उंबरठ्यावर अडले, काय बदलले, काय झाले, एवढ्या तीन ओळी पुरेत.

स्मृती व माध्यम निर्दोष ठरूनही काम अडत असेल, डिस्कमधून टकटक आवाज येत असेल, किंवा जळका वास येत असेल, तर मात्र थांबावे आणि जाणत्याकडे जावे. टकटकणारी डिस्क जितकी चालवावी तितकी आतील मजकुराची आशा कमी होते. दुकानात जाताना ती वही बरोबर न्यावी आणि यंत्र देतेवेळी एक वाक्य स्पष्ट सांगावे: "आम्हाला विचारल्याशिवाय डिस्क पुसू नका." वैद्यबुवा कितीही निष्णात असले तरी रोग्याची हकीकत घरच्या माणसानेच सांगावी लागते. ती नीट सांगितली तर घाटाची एक खेप वाचते, आणि कधी कधी आजोबांच्या आठवणीही.